समुद्राकडे पाठ करून

विशाखापट्टणमहून परत येऊन पंधरा दिवस झाले, पण गावातली माणसं मला अजून सुखानं चहा पिऊ देत नाहीत. टपरीवर बसलो की कोणीतरी विचारतंच, "कंडक्टर भाऊ, समुद्र कसा राह्यते जी?" आता काय सांगू? चार दिवस त्याच्या काठाला राहिलो, त्याची रेती अजून माझ्या चपलेत आहे. पण नीट पाहिला म्हणाल तर तो वच्छलानं पाहिला. वच्छला म्हणजे माझी बायको. मी काय पाहिलं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे रोज रोज तोंड वाजवायला नको.

आधीच सांगतो, मला फिरायची हौस नाही. एकतीस वर्षं लाल गाडीत कंडक्टर होतो. चंद्रपूर, आलापल्ली, सिरोंचा आणि परत. लोकांना 'पुढं सरका' सांगून घसा गेला आणि उभं राहून गुडघे गेले. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, आता घरातून अंगणात आणि अंगणातून घरात, एवढाच आपला रूट. तो मोडला वच्छलापायी.

आमचं गाव चंद्रपूरकडं, मूलच्या पुढं, जंगलाला लागून. मार्च संपत आला की मोहफुलं पडायला लागतात आणि उजाडायच्या आत सारं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. मोह वेचायचा म्हणजे तास-दीड तास कमरेत वाकून राहायचं. वाकलेला माणूस जंगलातून चितळासारखा दिसतो, म्हणून आमच्याकडं एक रीत आहे. बाया वेचतात तेव्हा एकजण त्यांच्या पाठीशी पाठ करून उभा राहतो, हातात काठी आणि तोंड जंगलाकडं. याला राखण म्हणतात. वेचणारी मधून मधून वर न पाहता विचारते, "हाव का?" आणि राखणवाला म्हणतो, "हाव." म्हणजे मी आहे, तू वेच. राखणवाल्यानं बिडी ओढायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत आणि बसायचं तर मुळीच नाही. अलीकडं डोक्याच्या मागं बांधायला माणसाच्या तोंडाचे मुखवटेही मिळाले, पण मुखवट्याचे डोळे रंगवलेले असतात, त्यांना दिसत काही नाही.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझ्या लहान भावाची बायको कमल मोह वेचताना गेली. 'मोठ्या'नं नेली. त्याचं खरं नाव आम्ही घेत नाही, मोठा म्हणतो, तुम्ही समजून घ्या. वच्छला कमलपासून दहा-बारा पावलांवर वाकलेली होती. आणि त्या सकाळी राखणीला मी होतो. हे इथंच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आदल्या दिवशी सिरोंच्याची ड्युटी करून आलो होतो, पाय भरून आले होते. पाच मिनिटं म्हणून झाडाच्या मुळावर टेकलो. बस, तेवढंच.

गावानं मला बोल लावला नाही. भावानंही नाही. म्हणाले, ज्याले न्यायचं त्यानं नेलंच असतं, तू उभा असता तरी काय करणार होता. वच्छलाही काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती उघड्यावर वाकली नाही. घरात, छपराखाली, सगळी कामं करते. अंगणात आली की ताठ. खराट्याला लांब बांबू बांधून उभ्यानं झाडते. चपलेचा अंगठा तुटला तर तशीच फरफटत घरात येते आणि मग खाली पाहते. गावात धानाच्या रोवणीत तिचा हात धरणारी दुसरी नव्हती, एका ओळीत चिखलातून सरसर मागं जायची. दोन पावसाळे झाले, ती बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरली नाही. धानाच्या मुलखात जी बाई वाकत नाही, तिला रिकाम्या हातानं दिवस काढावे लागतात आणि ते तिला फार जड जातं.

यंदा मोहाचे दिवस आले तसा आमचा मुलगा, जो चंद्रपूरला नोकरीत आहे, म्हणाला, "आईले या दिवसात घरी ठेवू नका. गावभर तो वास सुटते." त्याला रजा नव्हती. मग सून स्मितानं जबाबदारी घेतली. तिनं मोबाइलवर शोधून 'कुटुंबासोबत पाहण्यासारखी ठिकाणं' अशी लांबलचक यादी काढली.

"समुद्रच काऊन?" मी विचारलं. "जवळपास कुठी नाई काय जायले?"

"तिथी झाडीच नाई ना, मामाजी. सारं मोकळं. आईले मागून काई येईन असं वाटनारच नाई."

पोरगी डोक्यानं चालते. मी 'हाव' म्हटलं. नात आरू पहिलीत आहे, तिची शाळा चार दिवस बुडाली तर काही बिघडत नव्हतं. असे आम्ही चौघं निघालो.

पहिला दिवस

बल्लारशाहून गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी उतरलो. मधलं सांगण्यासारखं नाही. मी डब्यातली डोकी मोजत होतो, सवय जात नाही.

आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. अंगातला शर्ट सकाळी ओला तो संध्याकाळपर्यंत ओलाच. खोलीत सामान टाकलं आणि जेवायला गेलो. केळीच्या पानावर भाताचा ढीग, वरण, कसलीशी हिरवी चटणी. माझ्या डोळ्यांना तिखटानं पाणी आलं. वच्छलानं मात्र बोटाला चाखून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, अंबाडी हाय ही." खरंच अंबाडी होती. तिकडे तिला गोंगुरा म्हणतात, एवढाच फरक. आमच्याकडं कण्या घालून भाजी करतात, तिकडे तेलात घोटून भाताशी खातात. वच्छलानं दोनदा भात मागितला. दोन वर्षांत तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून माझं तिखट मी मुकाट्यानं गिळलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. काय ती गर्दी बाप्पा. चुरमुरे, भाजलेली कणसं, मिरचीची भजी, फुगे, घोडे, आणि या सगळ्याच्या पलीकडं ते पाणी. वच्छला आधी रस्त्याकडेच्या कट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. स्मितानं तिचा हात धरून हळूहळू ओल्या रेतीपर्यंत नेलं. पावलांवर पाणी आलं तशी ती थोडी हसली. म्हणाली, "हे तं परत जाते."

तेवढ्यात आरूची एक चप्पल लाटेनं ओढली. पोट्टी रडायला लागली. पुढच्या लाटेनं ती चप्पल परत आणली आणि बरोबर वच्छलाच्या पायाशी टाकली. नुसता हात खाली न्यायचा होता. आरू ओरडली, "आजी, घे ना. घे ना आजी." वच्छलानं चपलेकडं पाहिलं. मग मान मागं वळवून गर्दीकडं पाहिलं. मी धावलो, पण रेतीत माझे गुडघे काय धावणार. लाट आली आणि चप्पल गेली ती गेलीच.

"आजीनं नाई उचलली," आरू रस्ताभर म्हणत होती. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार? स्मितानं तिला कडेवर घेतलं. वच्छला खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. मला वाटलं, आणलं तेच चुकलं.

दुसरा दिवस

स्मिताच्या यादीत पहिलं नाव पाणबुडीचं होतं. खरी पाणबुडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे आणि आत शिरून पाहता येतं. मी म्हटलं, पाण्यात बुडायची वस्तू जमिनीवर काय पाहायची. पण आरूची नवी चप्पल घेऊन झाली होती, पोरगी खुशीत होती, म्हणून चार तिकिटं काढली.

आत सगळं लोखंड. दोन्ही अंगांना नळ्या, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या, आणि चालायला एका माणसापुरती वाट. झोपायला फळ्या, त्याही एकावर एक. इथं माणसं महिनोन् महिने राहत म्हणे. मला माझी हॉल्टची रात्र आठवली, गाडीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून काढलेली. ती बरी म्हणायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला गोल दार आहे, एवढंसं. त्यातून जायचं तर कमरेत मोडावं लागतं. मी डोकं आपटलं. मागं वळून पाहतो तर वच्छला साडी सावरून, डोकं गुडघ्याला लावून त्या भोकातून सहज आली. पुढच्या दारातून तशीच गेली. एका दाराशी आरूची टिकली पडली, ती तिनं खाली हात घालून उचलूनही दिली.

बाहेर आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "वच्छला, वाकली तू."

"वरतं लोखंड होतं ना," ती म्हणाली. "ते बाहेर कुठी हाय?"

मी रसवंतीकडं वळलो. उसाचा रस घेतला.

दुपारी रिक्षा केली. रिक्षावाल्याचं नाव अप्पाराव, माझ्याच वयाचा, पोटानं माझ्या दुप्पट. मी सिरोंचा लाइनला बरीच वर्षं काढलेली, तेलुगू मोडकी का होईना येते. त्यामुळं त्याला मी एकदम सोयरा वाटायला लागलो. स्मितानं त्याला हिंदीत सांगितलं, "बच्चों के साथ देखने की जगह ले चलो." तिच्या मनात बाग होती. अप्पारावनं अर्धा तास रिक्षा हाकली आणि उतरवलं ते प्राणिसंग्रहालयाच्या दारात. फाटकाशी मोठा फलक, आणि फलकावर तो. जबडा उघडलेला, माणसाहून मोठा रंगवलेला.

मी वच्छलाकडं पाहिलं. ती रिक्षातून उतरलीच नव्हती. दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती.

मी अप्पारावला तेलुगूत म्हटलं, इथं नाही, दुसरीकडं ने. तो हटून बसला. सगळी फॅमिली इथंच येते, म्हणे, वाघ आहे, पांढरासुद्धा. मी म्हटलं, "मा ऊळ्ळो चाला उन्नायि." आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्याला तो विनोद वाटला. मांडीवर थाप मारून हसला. मग माझं तोंड पाहून थांबला. वच्छलाकडं त्यानं एकदा आरशातून पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा वळवली. वाटेत स्वतःहून थांबून त्यानं आरूला आणि वच्छलाला शहाळं पाजलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मीच येईन, असं मला बजावून गेला.

तोटलाकोंडा

तिसऱ्या दिवशी आधी कैलासगिरीला गेलो. डोंगरावर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्या मूर्ती आहेत, तिथं फोटोसाठी रांग लागते. लहान मुलांची गाडी डोंगराला गोल फेरी मारते. आरूनं मला तिच्यात बसवलं आणि स्वतः कंडक्टर झाली. "आबाजी, पुढं सरका," म्हणाली. रिटायर झाल्यावरही सुटका नाही.

तोटलाकोंडा मात्र माझ्या आग्रहानं ठरलं होतं. आम्ही छप्पनपासूनचे बौद्ध. आमच्या आज्यानं नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर. तोटलाकोंड्यावर भिक्खूंचा जुना विहार होता, आता पाया उरला आहे. अप्पाराव म्हणाला, तिथं फॅमिलीवाले फार जात नाहीत. मी म्हटलं, आमची जाते.

शहराच्या बाहेर, समुद्राला लागून टेकडी. वर दगडी चौकोन मांडलेले, त्या भिक्खूंच्या खोल्या. मधे स्तूपाचा गोल ओटा. खाली नजर जाईल तिथवर पाणी. दोन हजार वर्षांमागं माणसं बोटीतून येऊन इथं बसत, पावसाळा काढत, शिकत. त्यांची खोली माझ्या घरातल्या न्हाणीएवढी. मला फार शांत वाटलं, खोटं कशाला बोलू. चपला काढल्या, स्मितानं मेणबत्ती लावली, वाऱ्यानं ती विझली, तिनं परत लावली. मी, स्मिता आणि आरू गुडघे टेकून, कपाळ दगडाला लावून वंदन केलं. त्रिशरण म्हटलं. माझ्या मागून वच्छलाचा आवाज येत होता, शब्द न् शब्द बरोबर. उठून पाहिलं तर ती हात जोडून उभी होती, ताठ. घरी विहारात ती सगळ्यांच्या आधी माथा टेकते.

स्मिता आणि आरू पायऱ्यांकडं गेल्या. मी वच्छलाजवळ थांबलो.

"इथी बी नाई वाकली तू," मी म्हटलं. विचारायला नको होतं, पण थकलेल्या माणसाची जीभ सैल सुटते.

"मांगं झुडपं हायत."

"झुडपंच हायत. अप्पाराव म्हनते, कोल्हं बी नाई इथी."

"तवा बी तुमी असंच म्हनले होते. काई नाई, वेचा म्हनले."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या सकाळबद्दल बोलली. मी तिथल्या दगडावर बसणार होतो, तो उभाच राहिलो. म्हटलं, "मी बसलो होतो, वच्छला. मी तुले कधी सांगतलं नाई."

"मले मालूम हाय."

"तुले कसं मालूम?"

"मी 'हाव का' म्हनलं. तुमचा 'हाव' खालून आला," ती म्हणाली. "म्हून मी वळून पाह्यलं. तुमी मुळीवर बसले होते, डोळे मिटून. मी मनात म्हनलं, रातच्याले डुटीवरून आले, थकले असन, बसू दे. कमलले नाई सांगतलं. तिले सांगतलं असतं तं ती उभी झाली असती."

दोन वर्षं मी समजत होतो, की मी बसलो हे फक्त मलाच ठाऊक आहे. आणि ही बाई आपल्यामुळंच कमल गेली असं मनात धरून, बांबूच्या खराट्यानं उभ्यानं अंगण झाडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या वयाची माणसं चारचौघांत असं करत नाहीत, पण तिथं चारचौघं नव्हते.

"तुह्यी नाई चूक," मी म्हटलं. "बसलो मी."

"बसू मी देल्लं," ती म्हणाली. आणि पदरानं तोंड पुसून खाली उतरायला लागली.

शेवटची सकाळ

परतीची गाडी दुपारची होती. आरूला शाळेत दाखवायला शिंपले हवे होते आणि बाजारातले नको, समुद्रातलेच हवे होते. म्हणून आम्ही तिघं उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो. स्मिता खोलीत सामान भरत होती. किनाऱ्यावर चालायला येणारे चार लोक, दोन कुत्री आणि एक बाई, जी चुरमुऱ्याची गाडी मांडत होती. ओहोटी होती. पाणी मागं गेलं होतं आणि ओल्या रेतीवर लांबच लांब शिंपले पसरले होते, पांढरे, पिवळट, बारके.

आरू वेचायला लागली. तिच्या मुठीत किती मावणार? चार आणायची, दोन सांडायची. वच्छला तिच्याकडं पाहत उभी होती. मी पाहिलं, तिची बोटं हलत होती. ज्यानं आयुष्यभर वेचलं त्याच्या पुढ्यात असं काही पडलेलं असलं की हात गप्प बसत नाहीत.

"मोहासारखेच पडले हायत," ती म्हणाली.

मी हातातली छत्री रेतीत टेकली.

ती एकदा मागं रस्त्याकडं वळून पाहून म्हणाली, "तुमी उभे राह्यता काय?"

मी तिच्या मागं गेलो आणि तिच्या पाठीशी पाठ करून उभा राहिलो. समुद्र माझ्या मागं, तोंड रस्त्याकडं. काठी नव्हती, म्हणून छत्री घट्ट धरली. सूर्य मागून पाण्यातून वर येत होता, असं आपलं म्हणायचं, कारण मला माझी सावली तेवढी दिसत होती, रेतीवर लांब पडलेली. शेजारी वच्छलाची सावली होती, माझ्याएवढीच लांब. मी त्या सावलीकडं पाहत राहिलो. मग ती हळूहळू आखूड झाली, माझी होती तेवढीच राहिली.

"हाव का?" मागून आवाज आला.

"हाव," मी म्हटलं.

मी जे पाहिलं ते असं. समोर रस्ता. रस्त्यावर शहर बस, तिच्या दारात लटकलेला कंडक्टर, पोरगेलासा, शर्टाची वरची गुंडी उघडी. एक म्हातारा उलटा चालत व्यायाम करत होता. दोन कुत्री एका पोळीवरून भांडली आणि मोठी हरली. एका बंगल्याच्या गच्चीवर कोणी मुलगी दात घासत होती. मी सगळ्यांवर नजर ठेवली. कुत्री जवळ आली तशी छत्री आपटली. उलटा चालणारा म्हातारा आमच्याकडं यायला लागला, त्याला हातानंच बाजूनं जा म्हटलं. बिचारा गेला.

"हाव का?"

"हाव."

अर्ध्या तासानं गुडघ्यात कळ सुरू झाली. आधी उजव्या, मग दोन्ही. रेतीत उभं राहणं म्हणजे गाडीत उभं राहण्यापेक्षा वाईट, पाय सारखे खाली जातात. चुरमुऱ्यावाली बाई माझ्याकडं पाहत होती. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काही हरवलं आहे. शेवटी तिनं तिचं प्लास्टिकचं स्टूल आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, "कूर्चोंडी." बसा.

मी म्हटलं, नको.

"कूर्चोंडी, अन्ना," ती परत म्हणाली. मी या पायावरून त्या पायावर भार टाकत होतो, ते तिला दिसलं असेल. स्टूल निळं होतं, एक पाय जरा वाकडा. मला ते फार बरं दिसत होतं. देवाशपथ सांगतो, असं म्हणायची आमच्यात रीत नाही, पण त्या स्टुलाइतकी मला आयुष्यात कशाची ओढ वाटली नसेल. मी तिला मोडक्या तेलुगूत सांगितलं, मी ड्युटीवर आहे. ती हसली नाही. स्टूल तिथंच ठेवून गाडीकडं गेली.

"हाव का?"

"हाव."

मागून आरूचं बोलणं ऐकू येत होतं. "आजी, इथी पाह्य. आजी, हा शंख. आजी, तुह्यी कमर नाई दुखत?" वच्छला म्हणाली, "माई कमर मोह वेचून पक्की झाली हाय, पोरी. तू ओटी धर." मग दोघी पुढं सरकल्या, तसा मीही मागं मागं सरकत गेलो, अंतर राखून. शिंपल्यांवर शिंपले पडल्याचा आवाज येत होता. मधे एकदा लाट जोरात आली, माझ्या पिंढऱ्यांपर्यंत पाणी चढलं. आरू किंचाळली आणि वच्छला हसली, मोठ्यानं, पूर्वी रोवणीत हसायची तसं. वळून पाहायचं फार मनात आलं. पण राखणवाला वळत नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. सावल्या आखूड झाल्या. रस्त्यावर शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या. मग माझ्या बाजूनं वच्छला पुढं आली. पदराची ओटी जड झालेली, त्यातून पाणी गळत होतं. कपाळावर रेती, केस सुटलेले, दमलेली. ओटी तिनं आरूच्या पिशवीत रिकामी केली आणि कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली.

"झालं," ती म्हणाली. मग तिनं जाऊन ते निळं स्टूल उचलून आणलं, रेतीत नीट रोवलं आणि हातानं झाडलं. "बसा आता."

"राहू दे. मी बरा हाय."

"बसा म्हनते ना मी."

मी बसलो. गुडघे मोडले तसे तोंडातून आवाज निघाला. ती बसली नाही. माझ्या मागं गेली आणि पाठीशी पाठ करून उभी राहिली, समुद्राकडं तोंड करून. तिची साडी ओली होती, तिचा गारवा माझ्या मानेला लागत होता. चुरमुऱ्यावाली आमच्याकडं पाहून काहीतरी पुटपुटली. आरू पिशवीतले शिंपले मोजत होती. मी डोळे मिटले.

"हाव का?" मी विचारलं.

"हाव," वच्छला म्हणाली. आवाज वरून आला.